बाटलीची जागा

यवतमाळला एका परिचितांचं नवं घर होतंय. परवा त्यांनी मोठ्या हौसेनं हॉलचा कोपरा दाखवला. सागवानाचा साडेतीन फूट उंच ओटा, मागं काचेच्या फळ्या, पुढं तीन उंच स्टुलं आणि खाली पाय टेकायला पितळी दांडी. घरातला बार! "भाई, वरच्या पट्टीवर तुमचा एक शेर पायजे. साकी-गिकी काहीतरी येऊ द्या राजेहो!"

मी आयुष्यात थेंबही घेतलेला नाही. पण गझल लिहिणाऱ्याला मैखान्याचा पत्ता माहीत असणारच, अशी लोकांची समजूत आहे. ती आम्हीच करून दिलेली, त्यामुळं तक्रार करायला तोंड नाही. शेर काही सुचला नाही. घरात बाटलीला जागा कधी आणि कशी मिळाली, हा प्रश्न मात्र डोक्यात बसला.

फारसीत आब म्हणजे पाणी. अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त अकबराच्या आबदारखान्याचं वर्णन केलंय. तिथं गंगेचं पाणी यायचं आणि सोरा वापरून ते थंड केलं जायचं. पुढं इंग्रज साहेबाच्या बंगल्यातही 'आबदार' नावाचा नोकर असे. त्याचं काम पाणी आणि वाइन थंड ठेवण्याचं. 'आबकारी' हा शब्द त्याच आब-मधला. पाण्याच्या कामाचा हा शब्द दारूच्या कराला चिकटला तो कायमचाच.

पण आपल्या जिल्ह्याचा खरा इतिहास बंगल्यात नाही, मोहाच्या झाडाखाली आहे. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या भागातल्या गोंड-कोलामांच्या पोडांवर मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुलं टपटप पडतात. बायका-पोरं ती वेचतात, वाळवतात. भिजवून आंबवली आणि मडक्यात गाळली की दारू होते. फुलं नुसती खाल्लीही जातात. टंचाईच्या दिवसांत त्यांनीच पोट भरलं. पिण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडायचे, देवाच्या आणि पूर्वजांच्या नावानं. या दारूला घरात वेगळा कोपरा नव्हता. ती अंगणात असे, सगळ्यांच्या देखत.

इंग्रजांना यात महसूल दिसला. गाळण्याचे आणि विकण्याचे मक्ते लिलावात निघू लागले. मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आला आणि १८९२ मध्ये तर खास मोहफुलांसाठी कायदा झाला. झाडावरून पडलेलं फूल घरात साठवायलाही परवानगी! वऱ्हाडाचा कारभार तेव्हा वेगळा होता, पण सरकारची नजर तीच. अंगणातलं मडकं गुन्हा ठरलं ते असं.

साहेबाची बाटली मात्र दिवाणखान्यात राहिली. फक्त तिला कुलूप लागलं. १८८१ मध्ये लंडनच्या जॉर्ज बेटजमन यांनी 'टँटालस' नावाच्या चौकटीचं पेटंट घेतलं. त्यात काचेच्या सुरया सगळ्यांना दिसतात, पण वरचा दांडा कुलूपबंद असल्यानं नोकराला घेता येत नाहीत. ग्रीक पुराणातला टँटालस गळ्यापर्यंत पाण्यात उभा असतो, प्यायला वाकला की पाणी ओसरतं. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. तसं 'बार' म्हणजेसुद्धा मुळात आडवं लाकूड, गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यामधली आड.

दारूबंदीनं हा कोपरा आणखी आत ढकलला. मध्य प्रांत-वऱ्हाडात १९३८ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला. मुंबई राज्याचा कायदा १९४९ चा, आणि तो विदर्भाला १९५९ मध्ये लागू झाला. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तिथं आधी विकत घेतलेली दारू स्वतःच्या घरात पिता येई. आपल्या कायद्यात घरात पिण्यासाठीही परवाना लागतो. फ्राम बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिलं, त्यांच्या यादीत व्हिस्की, ब्रँडी, बिअरबरोबर ओडिकोलनही होतं. म्हणजे घरातलं सगळं कपाटच न्यायालयात गेलं! १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मद्यार्क असलेली औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं मोकळी केली. बाकी कायदा मोठ्या प्रमाणात तसाच राहिला. बाटली लोखंडी कपाटात, साड्यांच्या मागं गेली. आपला 'परमिट रूम' हा शब्दही त्या कायद्यातूनच आला. पुढं १९६० च्या दशकात बंधनं सैल होत गेली, तशी ती शोकेसपर्यंत आली.

शेजारी वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. त्याच सुमाराला आपल्याकडं दारूबंदीसाठी 'स्वामिनी'च्या बायका रस्त्यावर आल्या. त्यांचा राग मोहाच्या परंपरेवर नव्हता. मजुरी पिऊन येणाऱ्या नवऱ्यावर आणि गावातल्या दुकानावर होता, आणि मला तो रास्त वाटतो. २०२१ मध्येच सरकारनं मोहफुलांच्या साठवणुकीवरची बंधनं काढली. पण फुलांवरची. मडक्यावरची नाही.

लहानपणी पांढरकवड्याकडच्या एका पोडावर मी धाड पाहिली होती. मडकी फुटली, आंबलेला वास उन्हात पसरला, आणि एक कोलाम म्हातारी खापराचे तुकडे वेचत बसली, जणू ते पुन्हा जोडता येणार होते. परवाना काढायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी हातानं गाळलेल्या दारूला तो मिळाला नसता.

सुताराचं काम पाहायला मी पुन्हा गेलो. सुतार जाणकार होता. पश्चिमेच्या खिडकीसमोर फळ्या नकोत, उन्हानं माल खराब होतो. वाइन आडवी, व्हिस्की उभी, हे त्याला ठाऊक होतं. इतका वेळ गप्प असलेल्या वहिनी पुढं आल्या. त्यांचा मुलगा दहावीत आहे.

"याले कुलूप कुठी हाय?"

"डिझाईनमंदी कुलूप नाई, ताई," सुतार म्हणाला आणि मालकांकडं पाहिलं. "लावू का?"

मालक काही बोलले नाहीत. वरची पट्टी अजून कोरीच आहे.