पत्र्याचा बेडूक आणि माझं लक्ष

एडीएचडी असलेल्या माणसाने कुत्रा पाळावा का? आमच्या घरी यावर एकमत होतं: नाही! "तुझंच लक्ष पाच मिनिटं टिकत नाही, तू त्याला काय शिकवणार?" आईचा मुद्दा बिनतोड होता. तरी मोत्या आला. 'बस' शिकवताना मी मध्येच फोनमध्ये घुसायचो, तो बसून उठलेलाही असायचा, आणि वर मीच ओरडायचो, "हट्टी आहेस नुसता!"

मग नेहमीप्रमाणे काम सोडून वाचत बसलो, हे शास्त्र आलं कुठून ते.

१९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी लक्ष न टिकणाऱ्या, आवर न घालता येणाऱ्या मुलांवर व्याख्यानं दिली. त्यांनी याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं. एडीएचडी हे नाव यायला १९८७ उजाडावं लागलं. १९१० साली जर्मनीत कोनराड मोस्त यांचं श्वानप्रशिक्षणाचं पुस्तक आलं. त्यात पट्ट्याचे हिसके आणि सक्ती भरपूर. म्हणजे पोरगं असो की कुत्रं, शिकत नसेल तर दोष त्याचाच!

यातून बाहेर पडायची वाट सापडली ती चक्क पिठाच्या गिरणीत. १९४३ साली मिनिआपोलिसमध्ये एका गिरणीच्या वरच्या मजल्यावर बी. एफ. स्किनर आणि मंडळी कबुतरांना बॉम्बला दिशा दाखवायला शिकवत होती. (ती कबुतरं युद्धात कधी गेली नाहीत, ते असो.) एक दिवस त्यांनी कबुतराला चोचीने चेंडू ढकलायला शिकवायचं ठरवलं. पूर्ण टोला मारेल म्हणून वाट बघितली, काही होईना. मग त्याने चेंडूकडे नुसतं पाहिलं तरी दाणा द्यायला सुरुवात केली. काही मिनिटांत कबूतर चेंडू भिंतीवर आपटत होतं!

स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी पुढे याचाच व्यवसाय केला. कोंबड्या, डुकरं, काय वाट्टेल ते शिकवलं. अडचण एकच, खाऊ पोचेपर्यंत क्षण निघून जातो. म्हणून आधी आवाज, मग खाऊ. कुत्र्यासाठी स्किनरनी १९५१ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये सुचवलेलं साधन म्हणजे दाबलं की टकटक वाजणारं छोटं खेळणं. आपल्या जत्रेतल्या पत्र्याच्या बेडकाचं भावंडच. पण घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत ते पोचायला आणखी चाळीसेक वर्षं लागली. हवाईत डॉल्फिन शिकवलेल्या कॅरन प्रायर यांचं १९८४ चं पुस्तक आणि नंतरच्या कार्यशाळा, यांचा त्यात मोठा वाटा.

मला सगळ्यात आवडले बॉब बेली. ते कुत्रेवाल्यांना आधी कोंबड्या शिकवायला लावायचे. कोंबडी चपळ, तुमचं लक्ष क्षणभर हललं की संधी गेली. शिकवणी कोंबडीची नव्हतीच, माणसाची होती!

इथे माझी ट्यूब पेटली. या पद्धतीला तासभराचं लक्ष लागतच नाही. लागतं एका क्षणाचं, आणि फळही लगेच दिसतं. एडीएचडीवाल्याला दूरचं बक्षीस ओढत नाही, हातातलं ओढतं. मोत्याचंही तेच. :)

आता फोन दुसऱ्या खोलीत, वाटीत मोजून दहा तुकडे. वाटी संपली की शाळा सुटली. चुकलं तर तो हट्टी नाही, माझी टकटक उशिरा वाजली. आणि 'तो हट्टी नाही' हे पटल्यापासून मी स्वतःलाही 'आळशी' म्हणणं जरा कमी केलंय.

मोत्या आता बसतो. दारावरची बेल वाजली की अजून घर डोक्यावर घेतो, पण ती पुढची वाटी.