राब : भातशेतीवरचे दोन आरोप आणि मातीची साक्ष

१/ आज सालवडच्या शेजारी तारापूर औद्योगिक वसाहतीची धुराडी दिसतात. दीडशे वर्षांपूर्वी, हा सारा पट्टा ठाणे जिल्ह्यात होता तेव्हा, उन्हाळ्यात येथे निराळा धूर उठत असे. तो भाताच्या राबाचा धूर होता आणि त्यावरून सरकार व शेतकरी यांच्यात मोठा संघर्ष पेटला होता.

२/ राब म्हणजे काय? भाताची रोपे जेथे वाढवायची, त्या जागेवर शेण, छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून वर माती पसरायची व ते भाजायचे. पावसाच्या तोंडावर तेथे बी पेरायचे आणि रोपे तयार झाली की खाचरात आवणी करायची. फांद्यांमध्ये ऐनाला विशेष मान असे.

३/ १८७८ च्या वन कायद्यानंतर या फांद्यांवर बंधने आली. वनखात्याच्या दृष्टीने राब म्हणजे रानाची नासधूस. शेतकऱ्याच्या दृष्टीने राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षाचा भात नाही. असंतोष इतका वाढला की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींसाठी १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. १८८७ च्या त्याच्या अहवालात राब हा कळीचा विषय होता.

४/ वाद झाडांवरून चालला होता, परंतु त्याचे उत्तर मातीत दडलेले होते. इंग्लंडहून आलेले कृषिरसायनज्ञ व्होल्कर यांनीही १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली.

५/ पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. तो १९१२ साली प्रसिद्ध झाला. राबाचा गुण केवळ राखेत नाही, मातीला बसणाऱ्या आचेतही आहे, हे त्यातून पुढे आले.

६/ असे का होते? पाला जळताना त्यातील कार्बन आणि बराचसा नायट्रोजन हवेत जातो. पालाश, स्फुरद व चुना राखेत उरतात. आचेने मातीतील असंख्य सूक्ष्मजीव मरतात आणि त्यांच्यात अडकलेला नायट्रोजन रोपांना मिळतो. तणाचे बीही करपते.

७/ इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ साली तापवलेल्या मातीविषयी असेच निष्कर्ष मांडले होते. ठाण्याचा शेतकरी ही क्रिया पिढ्यान्‌पिढ्या करीत आला होता.

८/ तरीही वनखात्याची चिंता निराधार नव्हती. राबात पोषणद्रव्ये मिळतात ती कार्बन हवेत सोडून. छाटलेले झाड पुन्हा फुटले, तर तो कार्बन परत शोषला जातो. छाटणी फुटव्यापेक्षा वेगवान झाली, तर रान विरळ होत जाते.

९/ दुसरा आरोप शतकानंतर आला, आणि या वेळी कारण पाणी होते. साचलेल्या पाण्याखाली मातीला प्राणवायू मिळत नाही. तेथील जीवाणू मिथेन वायू तयार करतात. भारतीय भातखाचरांतून वर्षाला सुमारे ३.८ कोटी टन मिथेन निघतो, असा अमेरिकी अंदाज मांडला गेला.

१०/ अशेष प्रसाद मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली देशभरच्या खाचरांत प्रत्यक्ष मोजणी झाली. उत्तर आले सुमारे ४० लाख टन! भारतातील पुष्कळ खाचरे सतत भरलेली नसतात; पाणी ओसरले की मिथेनही घटतो.

११/ दोन्ही वेळा दोषी ठरला भात पिकवणारा, आणि दोन्ही वेळा मोजमाप आरोपानंतर झाले. १८८५ ते १९१२ ही सत्तावीस वर्षे होतात. तेवढ्या काळात कित्येक कुटुंबांनी फांद्यांसाठी वनखात्याचा रोष पत्करला होता. पोषणद्रव्ये, पाणी आणि कार्बन यांचा हिशेब आजचे संशोधक उपकरणांनी मांडतात. त्या हिशेबाची एक जुनी वही पालघरच्या राबात सापडते.