राजाचं कोडं, बाखचं कोडं

आजचा विषय कॅनन. माझी नोकरी ठाऊक असलेल्यांनी तोफांची वाट पाहू नये. हा कॅनन संगीतातला आहे. एकाने सुरावट सुरू करायची, दुसऱ्याने थोडं थांबून तीच सुरावट सुरू करायची, आणि दोन्ही एकत्र वाजताना कानाला गोड लागली पाहिजेत. ऐकायला सोपं वाटतं. रचायला बसलं की घाम फुटतो.

हा विषय निघाला आमच्या रविवारच्या खेळातून. पाश्चात्त्य अभिजात संगीताची आवड असलेले आम्ही काही जण, कुणी इंदूरला, कुणी बेळगावला, कुणी बडोद्याला, संध्याकाळी संगणकापुढे जमतो आणि एकमेकांना कोडी घालतो. बहुतेक प्रश्न आठवणीचे असतात. मोझार्टची शेवटची सिम्फनी कितवी? 41वी. पुढचा प्रश्न. पण एकदा एकाने प्रश्न विचारलाच नाही, फक्त एका ओळीची स्वरलिपी टाकली. म्हणाला, ही दोघांनी वाजवायची आहे. दुसऱ्याने कधी आणि कशी सुरुवात करायची, ते शोधा. एरवी दहा मिनिटांत डझनभर प्रश्न संपवणाऱ्या मंडळींचे तीन रविवार त्या एका ओळीवर गेले.

ते कोडं 1747 सालचं आहे. रचणारा योहान सेबास्टियन बाख, आणि कोडं पाठवलं कुणाला? प्रशियाच्या राजाला, दुसऱ्या फ्रेडरिकला.

इथे थोडी लढाईची गोष्ट सांगावी लागेल. बाख राहायचा सॅक्सनीतल्या लाइपझिग शहरात. सायलेशियाच्या दुसऱ्या युद्धात, 1745च्या नोव्हेंबरअखेर, फ्रेडरिकच्या फौजांनी लाइपझिग घेतलं. पंधरवड्यात, 15 डिसेंबरला, केसल्सडॉर्फला सॅक्सनीचा पराभव झाला. त्याच सुमारास बर्लिनमध्ये बाखला नातू झाला, कारण त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल हा फ्रेडरिकच्याच दरबारात वादक होता. म्हणजे मुलगा ज्याची चाकरी करतो, त्याचंच सैन्य बापाच्या गावात. तीन वर्षांनी एका नातेवाइकाला पत्र लिहिताना बाख या नातवाच्या जन्माची वेळ सांगतो ती प्रशियाच्या आक्रमणावरून, आणि कंसात हळहळतो. नागरिकांच्या मनात युद्ध असं राहतं; आमच्या अहवालांत ते वेगळं दिसतं.

7 मे 1747 ला बाख पॉट्सडॅमला फ्रेडरिकसमोर उभा राहिला. बाख 62 वर्षांचा, राजा 35चा. राजा स्वतः उत्तम बासरी वाजवायचा. त्याने एक सुरावट दिली आणि म्हणाला, यावर फ्यूग वाजवा. फ्यूगमध्येही स्वरओळी एकमेकींच्या पाठोपाठ येतात, पण कॅननइतक्या बांधलेल्या नसतात. राजाची सुरावट साधी नव्हती; मध्ये ती अर्ध्या-अर्ध्या स्वराने घसरत खाली येते, आणि असल्या सुरावटीला पेलणं भल्याभल्यांना जड जातं. बाखने तिथल्या तिथे तीन स्वरओळींचा फ्यूग वाजवला. मग राजाने सहा ओळींचा मागितला. बाखने तो वाजवला, पण स्वतःच्या सुरावटीवर.

घरी परतून दोन महिन्यांत, 7 जुलैच्या तारखेची अर्पणपत्रिका लिहून, त्याने राजाच्या सुरावटीवर एक अख्खं पुस्तकच छापलं : ‘म्युझिकल ऑफरिंग’. राहिलेला सहा ओळींचा फ्यूग त्यात आहे. आणि आहेत दहा कॅनन, त्यांतले बरेचसे कोड्याच्या रूपात. दोन कॅननवर लॅटिनमध्ये शेरा आहे, बायबलच्या धर्तीवर : शोधाल तर सापडेल. त्यांतल्या एकात दुसऱ्याने कुठे शिरायचं याची खूण नाही, फक्त एक स्वरचिन्ह उलटं काढलं आहे. म्हणजे सुरावटही उलटी करायची : मूळ ओळ वर जाते तिथे खाली जायचं. आमचे तीन रविवार खाणारं कोडं हेच.

दुसरा एक कॅनन खेकड्याचा म्हणतात. एकाने ओळ पहिल्यापासून वाजवायची, दुसऱ्याने तीच शेवटापासून उलटी. आपल्याला ‘चिमा काय कामाची’ आठवेल. त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे गोदावरीकाठच्या पार्थपूरच्या सूर्य पंडितांचं सोळाव्या शतकातलं रामकृष्णविलोमकाव्य. सरळ वाचा, रामाची कथा. उलट वाचा, कृष्णाची. बाखच्या कॅननमध्ये मात्र राम आणि कृष्ण दोघं एकाच वेळी बोलतात आणि कुणाचं कुणाला अडत नाही.

राजाने बाखला कोडं घातलं होतं, बाखने राजाला कोडी घातली. माझ्या मते यात नुसतं सौजन्य नाही. जिंकलेल्या गावचा मास्तर जेत्याला अदबीने सांगतो आहे की महाराज, आता थोडे कष्ट तुम्ही घ्या. पुढे 1774 मध्ये ऑस्ट्रियाचा राजदूत व्हान स्वीटन याच्यासमोर फ्रेडरिकने 27 वर्षांपूर्वीची ती सुरावट गाऊन दाखवली आणि सांगितलं की बाखने त्यावर आधी चार, मग पाच, शेवटी आठ ओळींचा फ्यूग वाजवला होता. तीनाचे आठ झाले होते! स्वतःची सुरावट राजाला पक्की आठवत होती. कोड्यांबद्दल त्या हकिकतीत शब्द नाही.

मग कोडी सोडवणारे कोण? बाखच्या भोवती अशी माणसं होती. लॉरेन्झ मिझलरने 1738 मध्ये लाइपझिगला एक संगीतमंडळ काढलं होतं. सभासद गावोगावी विखुरलेले. भेट टपालातून : पाकीट फिरायचं, त्यात रचना, निबंध, शंका. टेलेमान सभासद होता, हँडेल मानद सभासद. बाख जून 1747 मध्ये, पॉट्सडॅमहून आल्यावर महिन्याभरात, चौदावा सभासद झाला. (जर्मन अक्षरक्रमात बी 2, ए 1, सी 3, एच 8, बेरीज 14. जर्मनांकडे याच अक्षरांचे स्वरही आहेत. सी म्हणजे सा धरला तर बाखचं नाव होतं कोमल नी, ध, सा, शुद्ध नी. आपले सदारंग बंदिशीत नाव गुंफायचे, तसंच. चित्रातल्या त्याच्या कोटाची बटणं मोजणारेही आहेत. मी त्यांच्यात नाही.)

मंडळाचा नियम होता की सभासदाने स्वतःचं चित्र द्यावं. हाउसमानने 1746 मध्ये काढलेलं बाखचं प्रसिद्ध चित्र आठवा. हातात एक छोटा कागद आहे आणि तो त्याने बघणाऱ्याच्या दिशेला वळवून धरला आहे. त्यावर तीन ओळी लिहिल्या आहेत, आणि वर सूचना : सहा स्वरओळींचा तिहेरी कॅनन. उरलेल्या तीन ओळी तुम्ही शोधायच्या. हेच कोडं छापून त्याने मंडळाला दिलं. आपल्याकडे दरबारी चित्रांत माणसाच्या हातात फूल असतं नाहीतर तलवार.

‘म्युझिकल ऑफरिंग’च्या प्रतींचं काय झालं, तेही नातवाचा उल्लेख असलेल्या त्याच पत्रात आहे. छापल्या फक्त 100. बहुतेक मित्रांना फुकट वाटून संपल्या. पुन्हा छापल्या तर एक थालेर किंमत पडेल, असं तो कळवतो.

1974 मध्ये स्ट्रासबुर्गला बाखची स्वतःची एक छापील प्रत उजेडात आली, ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ची. तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्याच्या हातचे चौदा कॅनन निघाले, सगळे त्या रचनेतल्या पहिल्या आठ खर्जस्वरांवर बांधलेले, बहुतेक न उलगडता तसेच ठेवलेले. त्यांतला तेरावा म्हणजे चित्रातल्या कागदावरचा. चौदाव्यानंतर बाखने लिहिलं आहे : वगैरे.