बंदुकीच्या नळीचा व्यास : परंड्यापासून नळदुर्गापर्यंत

सैनिकाच्या हातांत किती व्यासाच्या नळीची बंदूक द्यावी, हा प्रश्न वरवर पाहतां कारखानदारांचा आणि सेनाधिकाऱ्यांचा दिसतो. इंचाचा एखादा दशांश इकडे किंवा तिकडे झाल्यानें इतिहासाच्या वाचकाचें काय अडणार आहे, असें कोणासहि वाटेल. परंतु या दशांशांपायीं राष्ट्रांचे करार झाले आहेत, कायदे घडले आहेत, आणि कोणत्या प्रजेनें कोणतें शस्त्र धरावें व कोणतें धरूं नये याचाहि निर्णय त्यांवरूनच लागला आहे. आम्ही या प्रश्नाचा विचार येथें धाराशिव जिल्ह्याच्या आधारानें करणार आहों. निजामाच्या अमलांत उस्मानाबाद झालेल्या आणि २०२३ सालीं पुनः आपलें जुनें नांव मिळविलेल्या या जिल्ह्यांत अठ्ठावीस इंची तोफेपासून 'थ्री-नॉट-थ्री' रायफलीपर्यंतचा सारा प्रवास दोन किल्ल्यांच्या आसपास पाहावयास सांपडतो.

पहिला किल्ला परंड्याचा. आज विजापुरास असलेली 'मलिक-ए-मैदान' ही तोफ एके काळीं येथें होती. मुहम्मद बिन हुसेन रूमी या ओतकाऱ्यानें ती १५४९ सालीं निजामशाहीसाठीं अहमदनगरास ओतली. तिची लांबी चौदा फुटांहून थोडी अधिक, तोंडाचा व्यास सुमारें २८ इंच आणि वजन अदमासें ५५ टन. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईंत तिच्यांत तांब्याचीं नाणीं भरून मारा केल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. १६३२ सालीं विजापूरकरांच्या मुरारपंतानें ती परंड्याहून विजापुरास नेली. एवढें मोठें तोंड कशासाठीं, याचें उत्तर त्या काळच्या दारूंत आहे. काळ्या दारूनें गोळ्यास देतां येणाऱ्या वेगाला मर्यादा असते; दारू कितीहि ठासली तरी तो वेग एका हद्दीपलीकडे जात नाहीं. वेग वाढत नसेल तर आघात वाढविण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे गोळा जड करणें. आणि गोळा जड करावयाचा तर नळी रुंद करावी लागते. तोफेस जो न्याय तोच हातांतल्या बंदुकीस. कंपनी सरकारच्या पायदळाची गुळगुळीत नळीची बंदूक सुमारें पाऊण इंच व्यासाची होती, ती याच कारणानें.

या व्यवस्थेंत पहिला पालट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. नळीच्या आंत पेच पाडले कीं गोळी भिंगरीसारखी स्वतःभोंवतीं फिरत जाते आणि दूरवर सरळ राहते, हें ज्ञान जुनेंच होतें. तें सामान्य शिपायाच्या बंदुकींत उतरलें १८५३ च्या एन्फील्ड रायफलींत. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच. योगायोग असा कीं, त्याच १८५३ सालीं निजामानें तहान्वयें नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या कारभारांत दिला, आणि इंग्रजी कादंबरीकार म्हणून आधींच प्रसिद्ध असलेला मेडोज टेलर तेथें अधिकारी म्हणून आला. चारच वर्षांनीं याच रायफलीच्या काडतुसावरून उत्तर हिंदुस्थानांत आग भडकली. काडतुसाच्या चरबीची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर काय झालें तें मात्र फारसें सांगितलें जात नाहीं. १८५७ नंतर इंग्रज सरकारनें हिंदी पलटणींच्या हातीं पेचदार रायफल ठेवण्याचें नाकारलें, आणि त्यांच्यासाठीं बाहेरून एन्फील्डसारखीच दिसणारी, परंतु आंतून पेच नसलेली, ०.६५६ इंच रुंद नळीची बंदूक मुद्दाम बनविली. नळदुर्गचा मुलूख १८६० सालीं निजामास परत मिळाला. पेच मात्र हिंदी शिपायास लवकर परत मिळाले नाहींत. येथें नळी रुंद होण्याचें कारण दारूच्या गुणधर्मांत शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. तें अविश्वासांत आहे. रुंदी वाढवून नेम कमी केला, आणि नेम कमी करून शिपाई कह्यांत ठेवला.

दुसरा पालट १८८० नंतरचा, आणि तो खरा क्रांतिकारक. १८८४ च्या सुमारास फ्रान्सांत व्हिएल या रसायनशास्त्रज्ञानें धूर न करणारी दारू सिद्ध केली, आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्यास ८ मिलिमीटर नळीची लेबेल रायफल मिळाली. इंग्रजांनीं १८८८ सालीं ०.३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर, हा व्यास स्वीकारला. त्यापूर्वींची त्यांची मार्टिनी-हेन्री रायफल ०.४५ इंची होती. तिची गोळी ४८० ग्रेन वजनाची आणि वेग दर सेकंदास सुमारें १३५० फूट. पुढें १९१० सालीं कायम झालेली .३०३ ची टोंकदार गोळी केवळ १७४ ग्रेनांची, परंतु वेग सुमारें २४४० फूट. हा हिशेब वाचकांनीं स्वतः करून पाहावा. खांद्यास बसणारा धक्का मुख्यतः वजन आणि वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. गोळीची मारकशक्ति मात्र वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारावर. म्हणून नव्या गोळीचा धक्का जुनीपेक्षां सुमारें एक-तृतीयांशानें कमी झाला, आणि शक्ति उलट सुमारें अठरा टक्क्यांनीं वाढली. लहान नळीचा सारा महिमा या एका वर्गांत साठविलेला आहे. शिवाय गोळीचा मार्ग सपाट झाल्यामुळें अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम साधूं लागला, आणि तेवढ्याच ओझ्यांत शिपायास अधिक काडतुसें बाळगतां येऊं लागलीं.

पण शक्ति वाढली म्हणजे शत्रु थांबतोच असें नाहीं. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेंत इंग्रजांची तक्रार अशी होती कीं, नव्या रायफलीची निमुळती गोळी शरीरांतून आरपार जाते आणि जखमी झालेला माणूस धांवतच येतो. यावर कलकत्त्याजवळच्या डमडम येथील दारूगोळ्याच्या कारखान्यांत तोड निघाली. गोळीच्या टोंकावरचें धातूचें वेष्टन थोडें उघडें ठेवलें, म्हणजे आंत शिरतांच ती पसरते आणि भयंकर जखम करते. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेंत ती वापरली गेली. युरोपांत तिच्याविरुद्ध गिल्ला झाला, आणि १८९९ सालीं हेगच्या परिषदेनें पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. जी गोळी सरहद्दीवरील टोळीवाल्यांकरितां योग्य वाटली तीच युरोपियनांच्या आपसांतील युद्धांत अमानुष ठरली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

व्यासाचा संबंध कायद्याशींहि असाच जडला. इंग्रजी अमलांत लष्करी बोअरची रायफल खाजगी माणसास मना होती. सरकारी कोठारांतून चोरलेलें काडतूस बंडखोराच्या बंदुकींत बसूं नये, हा त्यांतील हेतु. म्हणून शिकाऱ्यांकरितां निराळ्या व्यासाच्या रायफली निघाल्या, आणि हिंदुस्थानांत .३१५ बोअर रूढ झाला. .३०३ आणि .३१५ यांत फरक इंचाच्या बारा सहस्रांशांचा. परंतु त्या बारा सहस्रांशांच्या एका बाजूस राज्यकर्ता होता आणि दुसऱ्या बाजूस प्रजा. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र-कायद्यांतहि निषिद्ध बोअर ही वर्गवारी कायम राहिली.

आतां दुसऱ्या किल्ल्याकडे वळूं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं पहांटे भारतीय सैन्य सोलापुराकडून निजामाच्या हद्दींत शिरलें. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालच्या या फौजेची पहिली चकमक नळदुर्गास झाली. सातव्या ब्रिगेडनें बोरी नदीवरील पूल अखंड स्थितींत हस्तगत केला, आणि दुसऱ्या शीख पलटणीनें हैदराबादच्या पहिल्या पायदळ पलटणीच्या मोर्चांवर हल्ला चढविला. सकाळीं नऊच्या सुमारास चिलखती दळ जळकोटास पोहोंचलें, आणि तिसऱ्या प्रहरीं उमरगें पडलें. तुळजापुरास दुसऱ्या तुकडीला निजामी शिपायांनीं आणि सुमारें दोनशें रझाकारांनीं दोन तास तोंड दिलें. पुढें लोहाऱ्याकडे जाणारी वाट नदीच्या पुरानें अडली. चार-पांच दिवसांत सारें संपलें.

या लढाईंत दोन्ही बाजूंच्या नियमित पायदळाची रायफल मुख्यतः एकच होती : ली-एन्फील्ड, बोअर .३०३. नळी तीच, गोळी तीच, वेग तोच. रझाकारांपैकीं पुष्कळांपाशीं ठासणीच्या बंदुका आणि तलवारी होत्या, हें खरें. परंतु नळदुर्गच्या मोर्चांवर तर बोअरची बरोबरी होती. मग निकाल कशानें लागला? अखंड राहिलेल्या पुलानें, त्यावरून गेलेल्या रणगाड्यांनीं, अचानकपणानें आणि वेगानें. बोअरांची तुलना करणाऱ्यानें हें उदाहरण प्रथम डोळ्यांपुढें ठेवावें. एकाच व्यासाच्या दोन बंदुका समोरासमोर आल्या म्हणजे व्यास मुका होतो आणि बाकीचें सारें बोलूं लागतें.

परंतु धाराशिव जिल्ह्याचा १९४८ चा इतिहास येथें थांबला असता तर बरें झालें असतें. आधीचे कित्येक महिने रझाकारांनीं खेड्यांतून लुटालूट आणि खून करून हिंदु प्रजेस त्राहि त्राहि करून सोडलें होतें. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा त्या वेळीं याच जिल्ह्यांत असलेल्या लातूरचा वकील. निजामाच्या शरणागतीनंतर सूडाची लाट उसळली, आणि ती ज्यांचा रझाकारांशीं कांहीं संबंध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांवरहि फुटली. पंडित नेहरूंनीं पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें संस्थानांत २७,००० ते ४०,००० माणसें मारलीं गेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे तिनें सर्वांत अधिक होरपळलेले म्हणून नमूद केले. त्या चारांतच निदान १८,००० बळी गेले असें तिचें मत होतें. कांहीं ठिकाणीं सैन्यांतील आणि पोलिसांतील माणसांचाहि या कृत्यांस हात लागल्याचें तिनें लिहिलें. तो अहवाल कित्येक दशकें प्रसिद्ध झाला नाहीं. नळदुर्ग, तुळजापूर आणि उमरगें येथील चकमकींचा वृत्तांत लष्करी इतिहासांत तासांच्या हिशेबानें सांपडतो. नंतरच्या आठवड्यांतील हे मृत्यु मात्र बोअरच्या कोणत्याहि कोष्टकांत बसत नाहींत. निःशस्त्र माणसाला मारावयास व्यासाचा विचार लागत नाहीं.

१९४८ नंतर भारतानें स्वतः या प्रश्नाचीं तीन निरनिराळीं उत्तरें दिलीं. १९६२ च्या चीनच्या युद्धांत आपले जवान हिमालयांत तीच .३०३ घेऊन, दर गोळीस खटका मागें ओढीत लढले. त्यानंतर ७.६२ मिलिमीटरची अर्धस्वयंचलित रायफल आली. तिचें काडतूस ५१ मिलिमीटर लांब कोठीचें, गोळी सुमारें साडेनऊ ग्रॅमची आणि वेग सेकंदास ८४० मीटरांच्या आसपास. १९९० नंतरच्या दशकांत 'इन्सास' आली. तिचा व्यास ५.५६ मिलिमीटर, गोळी चारच ग्रॅमची, वेग सुमारें ९४० मीटर. १९९९ च्या कारगिलच्या युद्धांत ती रणांगणावर उतरली. २०१९ नंतर मात्र सैन्य पुनः ७.६२ कडे वळलें, आणि तेंहि दोन वाटांनीं : सरहद्दीवरील जवानांस अमेरिकन बनावटीची ५१ मिलिमीटर काडतुसाची 'सिग', आणि मोठ्या संख्येसाठीं अमेठीजवळ कोरवा येथें बनावयाची ३९ मिलिमीटर आंखूड काडतुसाची 'एके-२०३', जिचा सहा लाखांवर नगांचा करार २०२१ सालीं झाला.

या तिन्हींची तुलना अशी. शक्तीच्या मापानें लांब ७.६२ सुमारें ३,३०० जूल, आंखूड ७.६२ सुमारें २,०००, आणि ५.५६ सुमारें १,७५०. ओझ्याच्या मापानें लांब ७.६२ चीं शंभर काडतुसें अदमासें २.४ किलो, ५.५६ चीं त्याच्या निम्मीं. पहिली दूरवर मारा करते आणि आडोसा भेदते, परंतु एकामागून एक गोळ्या सोडूं लागलें कीं खांदा व नेम दोन्ही उखडते. शेवटची हलकी, सपाट मार्गाची, नवशिक्यासहि साधणारी. परंतु अंतर वाढलें कीं वेगाबरोबर तिचा प्रभावहि झपाट्यानें ओसरतो. मधली जवळच्या लढाईस उत्तम, परंतु तिचा मार्ग लवकर वाकतो. डोंगराच्या धारेवरून समोरच्या धारेवर नेम धरणाऱ्यास पहिली, आणि गल्लींत किंवा दाट रानांत शिरणाऱ्यास मधली हवी, हें सैन्यानें घेतलेल्या दोन वाटांवरून दिसतेंच.

यांपैकीं कोणतीहि एक सर्वश्रेष्ठ मानणाऱ्यानें २६ नोव्हेंबर २००८ ची मुंबई आठवावी. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर कांहीं पोलिसांच्या हातीं .३०३ होती. तिच्या गोळीची शक्ति सुमारें ३,१०० जूल, म्हणजे हल्लेखोरांच्या एके जातीच्या रायफलीच्या दीडपट. परंतु एकीकडे दर गोळीस खटका ओढावयाचा, आणि दुसरीकडे बोट दाबून धरलें कीं गोळ्यांची सर. फलाटाच्या अंतरावर त्या दीडपटीस कांहींच किंमत उरली नाहीं.

तात्पर्य, बोअर ठरवितांना सुज्ञ सेनापतीनें पुढील प्रश्न क्रमानें विचारावे असें आम्हांस वाटतें. लढाई किती अंतरावर होणार? शिपाई किती ओझें वाहणार? त्याला सराव किती मिळणार? आणि तें काडतूस आपला कारखाना पुरवूं शकेल काय? हीं उत्तरें जमविल्यावर व्यास बहुधा आपोआप ठरतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : हें शस्त्र कोणाच्या हातीं दिलें, कोणाच्या हातून काढून घेतलें, आणि तें हातीं असणाऱ्यास आवरण्याची व्यवस्था कोणती होती? ०.६५६ ची गुळगुळीत नळी, डमडमची गोळी आणि .३१५ चा बोअर यांचा उगम या प्रश्नांतच आहे. १९४८ च्या पावसाळ्याअखेर धाराशिवच्या खेड्यांनीं जें सोसलें त्याचा जाबहि याच प्रश्नाच्या शेवटच्या भागास द्यावा लागतो.