जुनीं वाद्यें व संग्रहालयांचा नकार

घरांतील जुनें वाद्य देणगीदाखल घेऊन गेलेल्या गृहस्थास संस्थेनें नकार दिला कीं त्यास तो आपल्या वाडवडिलांचा अनादर वाटतो. परंतु स्वीकारानेंच वाद्याचा घात व्हावा, असे प्रसंग थोडे नाहींत.

नंदुरबार जिल्ह्यांतील विसरवाडीचा परिसर घेऊं. नवापूर तालुक्याच्या या भागांत कोकणा समाजाच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवांत पावरी वाजते. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि सांधे बुजविण्यास मेण, हें तिचें मुख्य साहित्य. भोपळ्यास व बांबूस कीड लागते, मेण उन्हाळ्यांत पाझरतें. वाजविणारा आहे तोंवर तो डागडुजी करितो, भोपळा फुटल्यास दुसरा बसवितो. कपाटांत गेलेल्या पावरीस असा कोणी वाली नसतो. उलट तिची कीड शेजारच्या लांकडी वाद्यांत शिरण्याचें भय. शिवाय ती कोणीं केली, कोणत्या गांवीं व कोणत्या प्रसंगीं वाजली, हें टिपलेलें नसेल तर अभ्यासकास तिच्या आकारापलीकडे फारसें कांहीं कळत नाहीं. आमच्या मतें नकाराचें सर्वांत सबळ कारण हेंच होय.

जागेची अडचण तर उघडच आहे. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांनीं आपला संग्रह १९६२ सालीं महाराष्ट्र शासनास अर्पण केला. त्यांतील सुमारें २०,००० वस्तूंपैकीं २,५०० च्या आसपासच प्रदर्शनांत मांडलेल्या असतात. अशा ठिकाणीं आणखी एक सतार, तीहि ‘कायम दर्शनीं ठेवावी’ या अटीवर, कोण घेणार?

कायद्याचाहि अडसर आहे. गोव्याच्या घुमटास पूर्वीं घोरपडीचें कातडें लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें घोरपडीस संरक्षण मिळालें. पुढें बकऱ्याचें कातडें वापरांत आलें, आणि २०१९ सालीं गोवा शासनानें घुमटास वारसावाद्याचा मान दिला. जुनें, घोरपडीच्या कातड्याचें घुमट मात्र कागदपत्रांवांचून स्वीकारणें संस्थेस जोखमीचें.

याउलट, कलकत्त्याचे सौरींद्रमोहन ठाकूर यांनीं १८७६ सालीं बेल्जमच्या दुसऱ्या लिओपोल्ड राजास शंभराच्या आसपास हिंदी वाद्यें पाठविलीं, तीं ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयांत मानानें राहिलीं. या दात्यानें आदल्याच वर्षीं ‘यंत्रकोश’ हा वाद्यांवरील बंगाली ग्रंथ प्रसिद्ध केला होता. विसरवाडीच्या दात्यानें ग्रंथ लिहावा असें नव्हे. गांवच्या जाणत्या वादकाकडून पावरी वाजवून घेऊन तिचें ध्वनिमुद्रण व पानभर टिपण सोबत दिलें तरी पुरे. आणि तो वादक ती अद्याप उत्सवांत वाजवीत असेल, तर ती त्याच्याच हातीं राहूं द्यावी.