न दिसणारा धूर

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. भाचा त्याची पिकअप घेऊन औंधला आमच्या दारात आला. गाडी 2017 ची, सेकंडहँड घेतलेली. हौद्यात बटाट्याची पोती. "मामू, चढाला गाडी ओढंना झालीया," तो म्हणाला. "मिस्त्री म्हणतोय, ईजीआरला पत्रा मारू. दोन तासांचं काम. धूर बी कमी हुतोय. मारू का?"

मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो तोही मराठी घेऊन. पण आमचे अब्बा मोटारींचे मिस्त्री होते आणि माझ्या शाळेच्या सुट्ट्या त्यांच्या हातात पाने देण्यात गेल्या. त्यामुळे भाच्याला लगेच हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. जुन्या गाडीच्या पोटातले काही काढायचे, काही घालायचे, ही आमच्या भागात आजची गोष्ट नाही. तिला ऐंशी वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला थोडा आमच्या घरातून गेलेला आहे.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करावी लागेल. तेव्हा औंध हे संस्थान होते. त्याचा मुलूख सलग नव्हता. औंधच्या आसपासची गावे आजच्या सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी, कुंडल ही आजच्या सांगली जिल्ह्यात, असे त्याचे तुकडे विखुरलेले. राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी उभारलेले संग्रहालय यमाईच्या डोंगराकडे जाणारा प्रत्येक जण पाहतो. याच संस्थानात 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आणला आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. पुढे 1939 च्या जानेवारीत राजेसाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना दिली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला होता आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या, पोलंडहून आलेल्या एका इंजिनिअरचे परिश्रम होते. या घटनेकडे मी शेवटी परत येणार आहे.

त्याच 1939 मध्ये युद्ध पेटले. 1941 मध्ये हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपान्यांनी घेतला आणि तिथल्या तेलविहिरीही गेल्या. आपल्याकडे तेव्हा एसटी नव्हती. तिची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली ती 1 जून 1948 रोजी. त्याआधी खासगी मालकांच्या सर्व्हिस मोटारी धावत. पेट्रोल मिळेनासे झाल्यावर या मालकांपुढे दोन वाटा उरल्या. गाडी दारात उभी करा, नाहीतर कोळशावर चालवा.

कोळशावरची मोटार म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. गाडीच्या मागे पिंपासारखी उंच टाकी बसवत. तीत लाकडी कोळसा पेटवायचा, पण त्याला हवा मुद्दाम अपुरी द्यायची. अर्धवट जळालेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो आणि तो स्वतः जळतो. तो गाळायचा, थंड करायचा आणि पेट्रोलच्या जागी इंजिनात सोडायचा. इंजिन तेच, ठिणगी टाकणारा प्लग तोच, फक्त खाणे वेगळे. या वायूत जवळपास निम्मा भाग न जळणाऱ्या नायट्रोजनचा, म्हणून गाडीची ताकद एक तृतीयांशाने, कधी निम्म्यानेही घटे. घाट आला की उतारूंनी खाली उतरायचे आणि वेळ पडली तर खांदा लावायचा. युरोपातही त्या काळात लाकडावर आणि कोळशावर लाखो वाहने चालत होती. जगभरच्या मिस्त्र्यांनी तेव्हा एकच जुगाड केला होता.

अब्बा तेव्हा तेरा वर्षांचे. अशाच एका सर्व्हिस मोटारीवर किन्नर होते. पहाटे उठून पंख्याचे हँडल फिरवायचे, निखारा फुलवायचा, अर्धा तास घाम गाळायचा, तेव्हा कुठे गाडी निघायची. अंगभर काजळी. त्या काजळीचे ते हसून सांगत. पण एक गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

थंडीचे दिवस होते. रहिमतपूरला मुक्काम पडला होता. गाडी शेडमध्ये लावलेली, टाकीत निखारा राखेखाली धुमसत ठेवलेला, म्हणजे सकाळी पेटवायला सोपे. अब्बा आणि दुसऱ्या गाडीवरचा एक पोरगा, दोघे ऊब बघून शेडमध्येच झोपले. दार लावून घेतलेले. अब्बा दाराच्या फटीशी होते. पहाटे डोके फुटल्यासारखे झाले आणि ते रांगत बाहेर आले. तो पोरगा टाकीला टेकून झोपला होता. तो उठला नाही. "धूर नव्हता रे," अब्बा म्हणत. "वास नव्हता. धूर असता तर खोकून तरी उठला असता."

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. श्वासातून तो रक्तात जातो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. ज्या वायूने गाडी चालत होती, त्यानेच तो मुलगा गेला.

युद्ध संपले, पेट्रोल परत आले, टाक्या भंगारात गेल्या. 1948 च्या मार्चमध्ये औंध संस्थानही मुंबई राज्यात विलीन झाले. अब्बा शिकत शिकत मिस्त्री झाले. मग 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखले. तीन डॉलरच्या आसपासचे पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेले. 1979 मध्ये इराणच्या क्रांतीनंतर पुन्हा भाव भडकला. खेड्यापाड्यांत तेव्हा जुन्या पेट्रोल जीप होत्या. मालकांना त्या परवडेनात. डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते. मग पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवायचे, हे काम गॅरेजांना मिळाले.

मी चौथीत असताना अब्बांनी असे एक काम केलेले मला लख्ख आठवते. एका बागायतदाराची जीप, मागचा भाग कापून हौदा केलेली, म्हणजे त्या काळची पिकअपच. तिच्यात मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसवायचे होते. ऐकायला सोपे, करायला अवघड. पेट्रोल इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण सहा-सात पट दाबतात आणि ठिणगीने पेटवतात. डिझेल इंजिनात नुसती हवा सतरा-अठरा पट, कधी त्याहून जास्त दाबतात. ती इतकी तापते की नोझलमधून आलेले डिझेल आपोआप पेट घेते. एवढा दाब सोसायचा म्हणून डिझेल इंजिन जड. मग पुढचे पाटे वाढवा, इंजिनाचे फौंडेशन नवे करा, गिअरबॉक्सला जुळवून घ्या, रेडिएटर मोठा टाका. महिनाभर काम चालले. शेवटी अब्बा साताऱ्याला जाऊन आरसी बुकावर नव्या इंजिनाचा नंबर चढवून आले. तेव्हाचा मोटार कायदा 1939 चाच होता आणि बदल केलात तर कळवा, एवढे तो सांगत असे.

गाडी सुरू झाली तेव्हा काळ्या धुराचा लोट आमच्या अंगणावरून गेला. सगळे टाळ्या वाजवत होते. चढाला आणखी जोर हवा म्हणून मालकाने डिझेल पंपाचा स्क्रू वाढवून मागितला. अब्बांनी तो वाढवला. पंप वाढवला की जळू शकेल त्याहून जास्त डिझेल आत जाते आणि उरलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. त्या धुराबद्दल कुणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काही आहे असे वाटतच नव्हते. त्या वेळच्या डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत चालत असे. एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये ते दहा लाख भागांत फक्त दहा भाग असते. म्हणजे हजार पटींनी कमी. वाहनांच्या धुरावर देशभर मर्यादा आल्या त्याही 1991-92 मध्ये. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये स्पष्टच सांगितले.

अब्बांना मी दोष देत नाही. त्यांना धूर दिसत होता, पण त्याचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. आम्हाला मात्र तो सांगितला गेला आहे.

आता भाच्याच्या पत्र्याकडे येतो. ईजीआर म्हणजे धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात वळवणारी झडप. वरून पाहता हा वेडेपणा वाटतो. बाहेर टाकलेली घाण परत पोटात कशाला? कारण असे की, इंजिनातला जाळ फार तापला की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना धरतात आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. वापरलेला वायू आत मिसळला की जाळाचे तापमान उतरते आणि हे विष कमी बनते. पण त्या वायूबरोबर काजळीही परत येते, झडपेत साठते, झडप अडकते आणि गाडी चढाला रडते. मिस्त्री मग मध्ये पत्रा बसवून वाटच बंद करतो. इंजिनाला ताजी हवा मिळते, ओढ सुधारते आणि काळा धूर खरेच कमी होतो. भाचा खोटे बोलत नव्हता.

पण काळा धूर कमी झाला तरी नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. सायलेन्सरमधून निघताना ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते फुप्फुसांना जाळतात. उन्हात इतर वायूंशी मिळून त्यांचा जमिनीलगतचा ओझोन होतो आणि तो पिकांच्या पानांनाही जाळतो. गहू, सोयाबीन, बटाटा ही पिके त्याला नाजूक आहेत. भाच्याच्या हौद्यात बटाटाच होता.

यातली मेख आणखी पुढे आहे. डिझेल गाडीची पीयूसी होते तेव्हा धूर किती दाट आहे एवढेच मशीन मोजते. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाही. म्हणजे पत्रा मारलेली गाडी पीयूसीत पास होईल, कदाचित आधीपेक्षा चांगली पास होईल. 1988 च्या कायद्याचे कलम 52 आता कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते पुन्हा बजावले. पण बॉनेट उघडून ईजीआर बघायला कोण येतो?

म्हणून मला तो रहिमतपूरचा पोरगा आठवला. भाच्याला मी ती गोष्ट सांगितली. त्याने ती आधी कधी ऐकली नव्हती. ऐकून तो बराच वेळ पिकअपच्या टायरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मामू, पर दोन दिवस गाडी उभी ऱ्हायली तर हप्त्याचं काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे कविता नव्हती. हप्ता खरा असतो. कोळशाच्या टाक्या बसवणाऱ्यांना आणि डिझेल चढवणाऱ्यांनाही तो होताच. आम्ही बटाटा दुसऱ्या गाडीने पाठवला. पत्रा न मारता झडप सोडवली, खरवडून साफ केली. हवेचा फिल्टर गच्च भरला होता, तो बदलला. टर्बोच्या नळीला चीर होती, ती बदलली. पत्र्यापेक्षा खर्च जास्त आला. त्यातला अर्धा मी दिला, कारण सल्ला माझा होता. गाडी आता कात्रजचा चढ तक्रार न करता चढते. वर्षभराने झडप पुन्हा भरेल, तेव्हा ती पुन्हा साफ करावी लागेल. हा एकदाच करून सुटण्याचा उपाय नव्हे.

औंधच्या त्या राज्यघटनेबद्दल आमच्या गावात अभिमानाने बोलले जाते. बोलावेच. पण राजाने आपला अधिकार सोडला, एवढाच तिचा अर्थ मी लहानपणी धरत होतो. आता वाटते, वरून बघणारा राजा काढून घेतला की नीट वागण्याची जबाबदारी प्रत्येकाच्या अंगावर येते, हाही तिचा अर्थ असणार. आपल्या गाडीच्या मागे कोण चालते आहे, हे आरशात नेहमीच दिसते असे नाही. पण कुणीतरी चालत असतेच.