लोणारचे वय आणि किरणांचा हिशेब

अकोला-अमरावतीकडील शाळेची सहल लोणारला गेली, की विवराच्या काठावर एक प्रश्न हमखास येतो: "सर, हे कधी झालं?" उत्तर तयार असते: सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी. हा आकडा आला कोठून?

१८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. पुढे दीडशे वर्षे अनेकजण त्याला ज्वालामुखीची करणी मानत. १९७३ साली फ्रेड्रिक्सन व सहकाऱ्यांनी येथील बेसॉल्टमध्ये प्रचंड आघाताच्या खुणा दाखवल्या आणि उल्कापाताचा पक्ष भक्कम झाला. १९९७ साली सेनगुप्ता, भंडारी व वातानाबे यांनी आघाताने वितळून बनलेल्या काचेचे वय तापदीप्तीने काढले. ते आले ५२ हजार वर्षे, सहा हजार कमी-अधिक.

तापदीप्तीची कल्पना सोपी आहे. खडकातील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांची किरणे आणि आकाशातून येणारे विश्वकिरण यांमुळे इलेक्ट्रॉन सुटतात आणि काही स्फटिकातील दोषांत अडकून पडतात. नमुना तापवला की ते सुटतात, प्रकाश देतात. प्रकाशावरून साठलेली मात्रा कळते. तिला वार्षिक मात्रेने भागले की वय. आघाताच्या उष्णतेने जुना साठा पुसला जातो, म्हणून घड्याळ शून्यापासून सुरू होते.

सगळी मेख भाजकात आहे. समजा, साठलेली मात्रा ५० ग्रे आहे. (एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली म्हणजे एक ग्रे.) वर्षाला १ मिलिग्रे धरले तर वय ५० हजार वर्षे, १.२५ धरले तर ४० हजार. आपल्या काळ्या पाषाणात किरणोत्सारी द्रव्ये फारच कमी. त्यामुळे एरवी किरकोळ वाटणारी चूकही येथे मोठी ठरते. विश्वकिरणांचा वर्षाला सुमारे ०.२ मिलिग्रेचा वाटाही दुर्लक्षून चालत नाही, आणि नमुना जितका खोल गाडलेला तितका तो घटतो. शिवाय ओल! पाणी काही किरणे स्वतःच शोषून घेते. कोरड्या भुकटीवर मोजलेली मात्रा जशीच्या तशी वापरली, तर वय खरे असते त्याहून कमी येते. म्हणून शक्य असेल तेथे मात्रामापकाची कुपी जागेवरच वर्षभर पुरून ठेवतात. म्हणजे पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही हिशेबात येतात. कुपीत बहुधा डिस्प्रोशियम मिसळलेले कॅल्शियम सल्फेट असते. आपल्याकडे किरणोत्साराजवळ काम करणाऱ्यांच्या बिल्ल्यातही तेच असते.

अंशातही गोम आहे. ज्वालामुखी खडकांतील फेल्डस्पारमध्ये अडकलेले इलेक्ट्रॉन न तापवताही गळतात, हे अ‍ॅन विंटल यांनी १९७३ सालीच दाखवले होते. लोणारच्या बेसॉल्टी काचेबाबत ही शंका मला तरी सोडवत नाही.

२०११ साली जूर्दां व सहकाऱ्यांनी तसल्याच काचेवर आर्गॉन पद्धत वापरली. उत्तर आले ५ लाख ७० हजार वर्षे, ४७ हजार कमी-अधिक. म्हणजे जवळजवळ अकरापट! येथे धोका उलट बाजूचा आहे. मूळ बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्यातील जुना आर्गॉन वितळताना पूर्ण निघून गेला नसेल, तर वय फुगते. त्या मंडळींनी या वारशाचा हिशेब घेतला होता, तरीही वाद मिटलेला नाही. एक घड्याळ मागे पडण्याची भीती, दुसरे पुढे जाण्याची. पण भाजकातील चुकीने अकरापट फरक पडत नाही. तेवढी वार्षिक मात्रा चुकणे अवघडच.

काठावर कोणी विचारले, तर मी दोन्ही आकडे सांगतो, पद्धतीच्या नावासह. मुले लगेच विचारतात, "मग खरा कोणता?"